बंदर गेलें, गांव राहिलें

पुण्याचे, नागपूरचे, बेळगांवचे आप्तेष्ट सुटींत मुलांबाळांसह आमच्याकडे उतरले, चहा झाला, क्षेमकुशल झालें, कीं पुढील प्रश्न ठरलेला असतो : "मग, नव्या मुंबईंत पाहण्यासारखें काय आहे?" आम्ही बेलापुरास राहतों. ज्या शहराच्या नांवांतच 'नवी' हें विशेषण आहे, त्यांत जुनें तें काय दाखवावें, असें आम्हांसहि पुष्कळ दिवस वाटत असे. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली आणि खाडीच्या पूर्व कांठावरील भातशेतें, मिठागरें व कोळीवाडे यांच्या भूमीवर हें नगर आंखण्यांत आलें. तेव्हां त्यास इतिहास तो कोठला, अशी आमची समजूत! पाहुण्यांस रुंद रस्ते दाखवावे, एखाद्या मोठ्या दुकानांत फिरवून आणावें आणि संध्याकाळीं आइस्क्रीम खाऊं घालून त्यांची बोळवण करावी, हा आमचा परिपाठ होता. तो परिपाठ कसा मोडला, आणि त्याबद्दल आम्हांस आनंदाबरोबर थोडी लाजहि कां वाटते, हें या महिन्यांत वाचकांस सांगावयाचें आहे.

आमच्या काकूंचें माहेर पनवेलचें. आज त्यांस शहाऐंशीवें वर्ष चालूं आहे. गणपतीस आमचें सारें बिऱ्हाड मोटारीनें कोंकणांत मूळ गांवीं जातें. वाटेंत पळस्प्याचा फाटा आला, कीं काकू खिडकीबाहेर पाहत व म्हणत, "अरे, एकदां गाडी गांवांत घ्या रे. आमचें बंदर मुलांना दाखवीन." आमचेंहि उत्तर ठरलेलें : "काकू, परत येतांना जाऊं." परत येतांना रात्र झालेली असे, मुलें झोंपलेलीं असत आणि दुसऱ्या दिवशींची कचेरी डोळ्यांपुढें उभी असे. असें एक नव्हे, दोन नव्हे, चौदा वर्षें चाललें. गेल्या वर्षीं काकूंचे थोरले बंधु वारले. पनवेलच्या जुन्या गोष्टी त्यांच्याइतक्या आमच्या माहितींतील दुसऱ्या कोणास ठाऊक नव्हत्या. कोणत्या आळींत कोणाची वखार होती, कोणत्या वाड्याचा चौक केवढा होता, हें ते बोटावर मोजून सांगत. आम्हीं त्यांतील एक ओळहि टिपून ठेवली नाहीं. तेराव्याच्या दिवशीं काकू एवढेंच म्हणाल्या, "आतां मला विचारायचें तें लवकर विचारा." त्या एका वाक्यानें आम्ही ओशाळलों, आणि मार्गशीर्षांतील एका रविवारीं काकूंस पुढें बसवून, तीन मुलें, दशम्यांचा डबा व पाण्याचा तांब्या घेऊन निघालों.

स्थळें पाहण्यापूर्वीं तीं नेमकीं तेथेंच कां झालीं, हें समजून घेतलें म्हणजे पाहण्यास अर्थ येतो. मुंबई हें बेट. मुंबई आणि घाटावरचा देश यांच्यामध्यें आधीं पाणी, मग कोंकणची पट्टी आणि मग सह्याद्रीची भिंत. ती भिंत उतरण्याची मोठी वाट बोरघाटाची. आणि घाट उतरून आलेल्या माणसास ज्या खाडीवर होडी मिळे, ती पनवेलची खाडी. मुंबईहून पुण्यास जावयाचें तर मचव्यांत वा पडावांत बसून समुद्र ओलांडावा, भरतीबरोबर खाडींत शिरून पनवेलास उतरावें, आणि तेथून पालखी, तट्टू अथवा बैलगाडी करून खोपोलीवरून घाट चढावा, असा प्रघात होता. १८३० सालीं मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं बोरघाटांतील गाडीरस्ता खुला केला, तेव्हां या बंदराचें महत्त्व आणखीच वाढलें. १८५२ सालीं पनवेलास नगरपालिका मिळाली. आजच्या महाराष्ट्रांतील अगदीं आरंभींच्या नगरपालिकांत तिची गणना होते.

परंतु दैवाची योजना पाहा! नगरपालिका झाली त्याच्या पुढच्याच वर्षीं, १८५३ सालीं, मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी सुटली. पुढें लोहमार्ग वाढला तो कल्याण, कर्जत या बाजूनें. १८६३ सालीं बोरघाटांतील चढणीचा मार्ग पुरा झाला आणि मुंबईचा मनुष्य पाण्यास पाय न लावतां पुण्यास पोंचूं लागला. पनवेल त्या वाटेवर नव्हतें. बंदराचा राबता ओसरला, खाडी गाळानें भरत गेली, आणि ज्या गांवावरून सारा देश जात असे, तें गांव बाजूस पडलें. आगगाडी पनवेलास पोंचली ती त्यानंतर शंभर वर्षांनीं, १९६० नंतरच्या दशकांत, दिव्याच्या बाजूनें. आणि मुंबईची हार्बर गाडी आली ती १९९८ सालीं. बंदराचें मोठें काम आतां १९८९ पासून उरणच्या बाजूस, न्हावाशेव्यास चालतें. म्हणून पनवेलास जाऊन जो भव्य तट, धक्का वा दीपगृह शोधील, तो निराश होईल. येथें पाहावयाचें आहे तें निराळें : वाटसरूंच्या जिवावर वाढलेल्या गांवाच्या खुणा.

आरंभ आम्हीं घरापासूनच केला. पनवेलच्या खाडीच्या मुखाशीं बेलापूरचा किल्ला आहे. महापालिकेच्या मुख्यालयाजवळील चौकास आजहि 'किल्ला' असेंच म्हणतात. रोज त्या नांवाच्या थांब्यावर चढणाऱ्या-उतरणाऱ्या शेंकडों लोकांपैकीं किल्ला पाहिलेले किती असतील, याची आम्हांस शंकाच आहे. आम्हीं स्वतः वीस वर्षें येथें राहून तो पाहिला नव्हता. हा किल्ला सोळाव्या शतकांत जंजिऱ्याच्या सिद्दींनीं बांधला असें सांगतात. पुढें तो पोर्तुगीजांकडे गेला, आणि अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत चिमाजी अप्पांच्या वेळीं मराठ्यांनीं तो घेतला. तेव्हां या गांवास शहाबाज म्हणत. तें नांव येथील एका गांवठाणास अजून आहे. किल्ला हातीं आला तर जवळच्या अमृतेश्वरास बेलाची माळ वाहीन, असा अप्पांनीं नवस केला आणि त्यावरून बेलापूर हें नांव पडलें, अशी आख्यायिका आहे. ती इतिहास म्हणून नव्हे, तर गांवानें जपलेली गोष्ट म्हणून मुलांस सांगण्याजोगी खास आहे. जून १८१७ मध्यें इंग्रजांनीं किल्ला घेतला, आणि बंड करणाऱ्यांस पुन्हां आसरा नको म्हणून त्याची मोडतोड केली.

आज तेथें एक बुरूज आणि तटाचे थोडे अवशेष झाडझाडोऱ्यांत उभे आहेत. भोंवतीं नव्या इमारती दाटल्या आहेत. आमच्या धाकट्या पुतण्यानें साहजिकच विचारलें, "काकूआजी, एवढासाच किल्ला?" काकू म्हणाल्या, "अरे, किल्ला लहान असला तरी चालतो. त्याला दिसतें किती तें पाहायचें." खरोखर किल्ल्यांविषयीं याहून चांगलें वाक्य आम्हीं पुस्तकांत वाचलेलें नाहीं. या ठिकाणाहून खाडींत शिरणारी प्रत्येक होडी पाहतां येत असे. म्हणून पनवेलचा माल ज्यास हवा, त्यास आधीं हा बुरूज हवा. मुलांस मात्र तटावर चढूं देऊं नये. दगड सुटे झाले आहेत.

बेलापुराहून पनवेल मोटारीनें अर्ध्या घटकेचें नसलें, तरी फार दूरहि नाहीं. आम्ही गाडी बाहेर ठेवून जुन्या गांवांत पायीं शिरलों. वाचकांसहि आमची तीच शिफारस आहे, कारण पनवेलचा इतिहास रस्त्यांच्या नांवांत आहे आणि तीं नांवें मोटारींतून दिसत नाहींत. टपाल नाका, मिरची गल्ली, कापड बाजार, कोळीवाडा, बंदर रस्ता : नुसतीं नांवें एका ओळींत मांडलीं तरी कोणता माल कोठें उतरे आणि कोणती वस्ती कोठें असे, याचा नकाशा तयार होतो.

काकूंस आधीं आपली आळी पाहावयाची होती. ती सांपडली, पण घर सांपडलें नाहीं. ज्या जागीं पडवी, ओटी, माजघर आणि मागील दारीं विहीर असलेलें घर होतें, तेथें आतां पांच मजल्यांची इमारत आहे. तळाशीं औषधांचें दुकान आणि कपड्यांचें दुकान. काकू त्या दुकानांसमोर दोन मिनिटें उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल अशी आम्हांस भीति होती, परंतु त्यांनीं फक्त विचारलें, "विहीर बुजवली असेल, नाहीं का?" दुकानांतील तरुण मनुष्य सज्जन होता. त्यानें आपल्या खुर्चीवर काकूंस बसविलें, पाणी दिलें आणि म्हणाला, "आजी, इथें विहीर होती हें मला आज कळलें." आम्हांस तें वाक्य लागलें. चौदा वर्षांपूर्वीं आलों असतों तर कदाचित् घर उभें असतें. निदान काकूंचे बंधु तरी असते.

तेथून आम्ही वडाळें तळ्यावर गेलों. पनवेल हें तळ्यांचें गांव : वडाळें, कृष्णाळें, देवाळें, विश्राळें अशीं नांवांचीं यमकें जुळविणारीं तळीं येथें आहेत. खाडीचें पाणी खारें. तेव्हां शेंकडों वाटसरू, बैल व तट्टें यांस गोडें पाणी द्यावयाचें तर तळ्यांवांचून गति नव्हती, हें ध्यानीं घेतलें म्हणजे तळींहि बंदराचाच भाग होतीं असें दिसून येतें. वडाळ्याच्या कांठीं बल्लाळेश्वराचें देऊळ आहे. काकूंनीं घर ओळखलें नाहीं, पण तळें ओळखलें. "हें आहे तसेंच आहे," असें म्हणून त्या पायरीवर बसल्या आणि तेव्हां कोठें त्यांची वाणी मोकळी झाली. लग्नाचें वऱ्हाड कोठें उतरे, पावसाळ्यांत पाणी कोठवर चढे, कमळें काढण्यास कोण उतरे, हें सर्व त्या सांगूं लागल्या. या वेळीं आमच्या थोरल्या मुलीनें वही काढून टिपून घेतलें, तें पाहून आम्हांस किंचित् समाधान वाटलें.

गांवांत विरूपाक्ष महादेवाचें जुनें मंदिर आहे, तें अवश्य पाहावें. त्याचप्रमाणें बेने इस्राएल समाजाचें बेथ एल हें प्रार्थनामंदिर १८४९ सालचें, म्हणजे नगरपालिकेच्याहि आधींचें आहे. कोंकणच्या किनाऱ्यास लागलेल्या या समाजानें घाण्यावर तेल काढण्याचा धंदा पत्करला आणि शनिवारीं घाणा बंद ठेवण्याचा आपला धर्म पाळला, म्हणून शेजारीपाजारी त्यांस 'शनिवार तेली' म्हणत. घरीं मराठी आणि मंदिरांत हिब्रू, अशी त्यांची रीत. त्यांतील बहुतेक कुटुंबें १९४८ नंतर इस्राएलांत गेलीं. तथापि ज्या गांवांत त्यांचें मंदिर आहे, त्या गांवच्या मुलांस ही गोष्ट ठाऊक असावयास हवी.

बंदराच्या दोन आठवणी पनवेलच्या उद्योगांत शिल्लक राहिल्या. पहिली चाकांची. बैलगाडीचीं चाकें करणें हा पनवेलचा नांवाजलेला धंदा होता. असें कां, याचा उलगडा घाटाकडे पाहिलें कीं होतो : होडी जेथें संपते, तेथें गाडी सुरू होते, आणि बोरघाटाच्या चढणीवर आधीं झिजतें तें चाक. दुसरी आठवण औषधांची. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनीं १८७२ सालीं येथें धूतपापेश्वर औषधी कारखान्याचा पाया घातला. ज्या काळीं वैद्यानें आपल्या घरीं खलबत्त्यांत औषध कुटावें आणि ओळखीच्या रोग्यास पुडी द्यावी, त्या काळीं आयुर्वेदीय औषधें कारखान्यांत करून दूरवर पाठविण्याची कल्पना निघाली, ती पनवेलास. ज्या गांवास माल बाहेर धाडण्याची संवय होती, त्यासच ती सुचावी, यांत आम्हांस नवल वाटत नाहीं. आमच्या घरांत आजीच्या काळापासून या कारखान्याच्या बाटल्या आहेत. परंतु त्यांवरील नांवाचा आणि या गल्ल्यांचा संबंध मुलांनीं त्या दिवशीं प्रथम जोडला.

शेवटीं आम्ही कोळीवाड्यांतून बंदर रस्त्यानें खाडीकडे गेलों. ओहोटी होती. चिखल, कांदळवन आणि आडव्या पडलेल्या होड्या, एवढेंच दिसत होतें. काकूंनीं मुलांस विचारलें, "आज तिथि कोणती?" मुलें एकमेकांकडे पाहूं लागलीं. काकू म्हणाल्या, "माझी आजी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगायची. आज चतुर्थी; चार पाऊण तीन. तीनला इथें पाणी येईल, मग बघा." ही कोंकणची जुनी रीत. चंद्राबरोबर भरती रोज सुमारें पाऊण तासानें पुढें सरकते, म्हणून तिथीस पाऊणानें गुणिलें कीं भरतीची वेळ अजमासें निघते. मुलांनीं भ्रमणध्वनीवर पाहिलें, तों वेळ थोड्याशा फरकानें तीच! त्या क्षणीं काकूंची प्रतिष्ठा आमच्या घरांत कितीतरी वाढली. बंदरावर उतरलेल्या प्रवाशास घड्याळ नव्हतें, परंतु पंचांग होतें. आणि साऱ्या गांवाचा दिवस या पाण्याच्या येण्याजाण्यावर बेतलेला असे.

त्याच खाडीच्या कांठीं आतां नवा विमानतळ झाला आहे; २०२५ च्या आक्टोबरांत त्याचें उद्घाटन झालें. शिवडीहून समुद्रावरून येणारा सुमारें बावीस किलोमीटरांचा पूल २०२४ सालीं खुला झाला. म्हणजे मुंबईहून पाणी ओलांडून पनवेलच्या बाजूस येण्याची जुनी वाट दीडशें वर्षांनीं परत आली; फक्त होडी राहिली नाहीं आणि कोणी गांवांत उतरत नाहीं.

येथें दूरदेशचें एक उदाहरण द्यावेंसें वाटतें. आयर्लंडच्या दक्षिणेस कोव्ह नांवाचें लहानसें बंदर आहे. १८४८ पासून शंभर वर्षांत सुमारें पंचवीस लाख आयरिश माणसें त्या धक्क्यावरून पोटासाठीं परदेशीं गेलीं. १९१२ च्या एप्रिलांत टायटॅनिक जहाजानें शेवटचा मुक्काम केला तो तेथेंच. बंदराचा तो काळ सरला. पण गांवकऱ्यांनीं जुन्या आगगाडीच्या स्थानकांत त्या प्रवाशांच्या कथेचें प्रदर्शन मांडलें. समोरच्या स्पाइक बेटावरील तुरुंगांत जॉन मिचेल या आयरिश देशभक्तास १८४८ सालीं काळ्या पाण्यावर धाडण्यापूर्वीं ठेवलें होतें. तेंहि बेट आज लोक नावेनें जाऊन पाहतात. ज्यांचे पूर्वज तेथून गेले, ते अमेरिकेहून पणजोबांचा धक्का पाहण्यास येतात. पनवेलाहून गेलेल्यांचे नातू तर पुण्यास व दादरासच आहेत! त्यांनीं रविवारीं यावयाचें ठरविलें, तर जहाजाचेंहि कारण नाहीं.

आणि जॉन मिचेलची आठवण आम्हांस उगाच झाली नाहीं. पनवेलाहून पळस्प्यावरून गोव्याच्या रस्त्यास लागलें, कीं शिरढोण लागतें. येथें ४ नोव्हेंबर १८४५ रोजीं वासुदेव बळवंत फडके जन्मले. त्यांचे आजोबा अनंतराव हे कर्नाळ्याचे किल्लेदार असल्याचें त्यांच्या चरित्रांत सांगितलेलें आहे. पुण्यास लष्कराच्या हिशेबखात्यांत नोकरीस असतां आईच्या दुखण्याची बातमी आली. रजा वेळेवर मिळाली नाहीं. ते घरीं पोंचले तेव्हां आई गेलेली होती. हा वृत्तांत आम्ही शाळेंत असतांना वाचला होता, परंतु शिरढोणच्या त्या वाड्यासमोर उभे राहिलों तेव्हां तो प्रथम कळला. पुण्यापासून हें अंतर आज दोनअडीच तासांचें आहे. तेवढ्या अंतरासाठीं एका मुलास आई अंतरली.

पुढची हकीकत सर्वांस ठाऊक आहे. १८७६-७७ च्या दुष्काळांत लोकांचे हाल पाहून त्यांनीं रामोशी व इतर साथीदार जमविले आणि १८७९ सालीं शस्त्र उपसलें. त्या मे महिन्यांत त्यांचा सहकारी दौलतराव नाईक कोंकणांत उतरला आणि त्यानें याच पळस्प्यास धाड घातली. परततांना तो इंग्रज फौजेच्या गोळीस बळी पडला. जुलैंत वासुदेव बळवंत पकडले गेले. पुण्याच्या खटल्यांत गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, त्यांच्या बाजूनें उभे राहिले. जन्मठेप होऊन त्यांस एडनला नेलें. तेथून १८८३ च्या फेब्रुवारींत ते निसटले, पुन्हां पकडले गेले, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजीं तुरुंगांत त्यांचा अंत झाला. काकूंनीं वाड्याच्या उंबऱ्यास हात लावून नमस्कार केला. मुलांस सांगावें लागलें नाहीं, त्यांनींहि केला.

शिरढोणच्या पुढें थोड्याच अंतरावर, पनवेलापासून सुमारें बारा किलोमीटरांवर, कर्नाळा. दुरून अंगठ्यासारखा दिसणारा त्याचा सुळका कोंकणच्या प्रत्येक प्रवाशानें पाहिलेला असतो आणि फार थोड्यांनीं जवळून पाहिलेला असतो. बेलापूरचा बुरूज जसा पाण्याच्या वाटेवर, तसा हा किल्ला जमिनीच्या वाटेवर पहारा करी. एकीकडे बोरघाटाकडून येणारी वाट, दुसरीकडे खाडी, दोन्ही त्याच्या नजरेखालीं. १६७० सालीं छत्रपति शिवाजी महाराजांनीं तो मोगलांकडून घेतला. पुढें तो अनेक हातांतून पेशव्यांकडे आला, आणि १८१८ सालीं कर्नल प्रॉथर यानें तो जिंकला. सुळक्याच्या पायथ्याशीं खडकांत खोदलेल्या कोठड्या व पाण्याचीं टांकीं आहेत. मराठी व फारसी असे दोन शिलालेखहि आहेत. सुळक्यावर आग्या माश्यांचीं पोळीं असतात. म्हणून वर धूर, उग्र अत्तर आणि आरडाओरड या तिन्ही गोष्टी वर्ज्य समजाव्या. किल्ल्याभोंवतींचें रान १९६८ पासून पक्ष्यांसाठीं राखलेलें आहे. पावसाच्या आरंभीं येथें तिबोटी खंड्या हा चिमुकला रंगीत पक्षी घरटें करण्यास येतो.

काकूंस गड चढणें शक्य नव्हतें. त्या पायथ्याशीं झाडाखालीं सतरंजीवर बसल्या, आणि आमच्यांतील दोघे मुलांस घेऊन वर गेले. खालीं आल्यावर मुलगी धापा टाकीत म्हणाली, "काकूआजी, वरून खाडी दिसते!" काकू म्हणाल्या, "दिसणारच. म्हणून तर तो तिथें आहे." सकाळीं बेलापुरास सांगितलेलें उत्तर संध्याकाळीं मुलीनें स्वतः पाहून आणलें होतें.

ज्यांस ही सहल करावयाची असेल, त्यांनीं कार्तिक ते माघ हा काळ निवडावा. सकाळीं लवकर बेलापूर, मग उन्हें चढण्यापूर्वीं पनवेलच्या गल्ल्या आणि तळें, दुपारचें जेवण गांवांत, तिसऱ्या प्रहरीं शिरढोण, हा क्रम वृद्ध व लहान दोघांस सोसतो. कर्नाळ्यास निराळा दिवस दिला तर बरें, कारण गडाची चढण तास-दीड तासाची आहे. आम्हीं एकाच दिवशीं सर्व साधण्याचा हट्ट केला आणि परततांना सर्वांचे पाय बोलूं लागले. आगगाडीनें येणाऱ्यांनीं पनवेल स्थानकावर उतरून गांवांत यावें. जुन्या घरांपुढें उभें राहतांना तीं कोणाचीं तरी राहतीं घरें आहेत हें विसरूं नये. आंत डोकावण्यापूर्वीं विचारावें. बहुधा पाणी मिळतें आणि एखादी गोष्टहि मिळते.

परंतु या सर्वांहून महत्त्वाची सूचना निराळीच आहे. पनवेलसारख्या गांवांत पाहण्याचीं स्थळें दोन प्रकारचीं असतात : एक दगडाचीं आणि दुसरीं माणसांच्या स्मरणांतलीं. दगडाचीं पाटी लावून ठेवतां येतात. दुसरीं आपल्याच घरांत, माजघरांतल्या खाटेवर बसून, वाती वळीत असतात, आणि त्यांची वेळ कोणत्याहि पंचांगांत दिलेली नसते. म्हणून ज्यांच्या घरीं पनवेलचें, अलीबागचें, राजापूरचें वा दुसऱ्या कोणत्या बंदराचें मनुष्य असेल, त्यांनीं त्यास पुढें बसवून आधीं निघावें आणि वही बरोबर घ्यावी. 'परत येतांना जाऊं' हें वाक्य आमच्या घरांतून आतां बाद झालें आहे.

आमच्या मुलीच्या वहींत त्या दिवशीं अकरा पानें भरलीं. शेवटच्या पानावर काकूंनीं सांगितल्याप्रमाणें त्यांच्या घराचा नकाशा आहे : पडवी, ओटी, माजघर, आणि मागें विहीर. औषधांच्या दुकानांतील त्या तरुणास त्याची एक प्रत हवी होती. ती आम्हीं गेल्या आठवड्यांत टपालानें धाडली.